शके १८४७ की १८४१? गिरगावातल्या एका चाळीच्या वयाचा शोध

२०२५ च्या जूनमध्ये माझ्या माहेरच्या चाळीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "ताई, चाळ पाडायच्या आधी एक स्मरणिका काढतोय. शंभरी म्हणून. तुम्ही लायब्ररीत होतात, इतिहासाची चार पानं तुमच्याकडे." त्या चार पानांना मला सहा महिने लागले. शेवटी स्मरणिका निघाली, पण मुखपृष्ठावरची शंभरी चाळीची नव्हती. हे कसं झालं ते लिहून ठेवते, कारण गिरगाव-लालबाग-दादरकडे आता प्रत्येक दुसऱ्या चाळीत अशी स्मरणिका निघते आहे आणि सगळीकडे तोच घोळ होतो आहे.

चाळीचं नाव देत नाही. पुनर्विकासाचं घोंगडं अजून भिजतंय, आणि मालकांच्या घरचे कागद मला नाव न छापण्याच्या अटीवर पाहायला मिळाले. गिरगावात, डी वॉर्डात आहे एवढं पुरे. पुढची चाळ, मागची चाळ, मधे चौक, चौकात दत्ताचं छोटं देऊळ. तळमजला अधिक तीन माळे, एकूण साठ खोल्या, बहुतेक दहा बाय अठराच्या.

भांडण सालावरून होतं. मंडळाच्या पोरांचं म्हणणं, चाळ १९२५ची. म्हणजे शंभरी यंदाच, बॅनरचा मजकूरसुद्धा तयार. सेक्रेटरींचं म्हणणं, १९१९ची. शंभरी होऊन गेली, कोणाला पत्ता नाही. तिसऱ्या माळ्यावरच्या आजींचं म्हणणं, चाळ प्लेगच्याही आधीची. ज्या सरकारी यंत्रणेपुढे पुनर्विकासाची फाइल होती, तिला यातलं काहीच नको होतं. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची इमारत म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणाऱ्या) इमारतींतला 'अ' वर्ग, विषय संपला. १९६९ च्या कायद्यानंतर मुंबई बेटावर अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ मोजल्या गेल्या. आमची त्यांतलीच एक. १८६० असो नाहीतर १९३९, भाडेकरूचा नव्या इमारतीतला ३०० चौरस फुटांचा हक्क तोच.

म्हणजे सालाची गरज फक्त आम्हालाच होती.

दगड

चाळीत लिहिलेलं साल एकाच ठिकाणी होतं. देवळाच्या डाव्या भिंतीत हातभर लांबीची संगमरवरी पाटी, आणि तिच्यावर दर दत्तजयंतीला मारलेल्या ऑइलपेंटचे थर. शके १८४ पर्यंत सगळ्यांना वाचता येत होतं. शेवटचा आकडा सेक्रेटरी १ वाचत, पोरं ७. देवनागरीत हे दोन आकडे झिजले की भाऊ-भाऊ दिसतात. ज्याला जे हवं ते तो वाचतो.

पोरं पॉलिशपेपर घेऊन तयारच होती. त्यांना थांबवलं. रात्री चौकातले दिवे बंद करून टॉर्च भिंतीला लावून आडवी धरली, म्हणजे अक्षरांच्या सावल्या पडतात. मग पातळ कागद लावून शिसपेन्सिलीने घासलं. आकडा तरीही नक्की होईना, पण त्याच्या पुढचा शब्द उठून आला : 'क्रोधननाम संवत्सरे'. एका पोराने विचारलं, "हे क्रोधनराव देणगीदार होते का?" त्याला हसायचं कारण नाही, घरात पंचांग उघडणारा माणूस आता उरलाय कुठे.

संवत्सरांची नावं साठ, प्रभव ते क्षय, आणि ती ओळीने फिरतात. शकाच्या आकड्यात १२ मिळवायचे आणि ६० ने भागून बाकी काढायची, की नावाचा क्रमांक मिळतो. १८४७ ला बाकी येते ५९, म्हणजे क्रोधन. १८४१ ला ५३, म्हणजे सिद्धार्थी. दगडावर क्रोधन आहे, तेव्हा आकडा सातच. तिथी मार्गशीर्ष शुद्ध १५. शकात ७८ मिळवले की १९२५ सालची दत्तजयंती. दोन मिनिटांत सेक्रेटरी हरले आणि पोरं नाचायला लागली.

मीही त्यांच्यात सामील झाले असते, पण पाटीची शेवटची ओळ होती : 'श्रींची प्रतिष्ठा केली'. प्रतिष्ठा देवाची होते. चाळीचा त्या पाटीवर उल्लेख नाही.

इथून माझं आणि पोरांचं पटेनासं झालं. ती म्हणत, देऊळ चाळीबरोबरच बांधलं असणार. मी म्हणे, असेल, पण पाटी तसं म्हणत नाही. गिरगावातलंच उदाहरण घ्या. केशवजी नाईकांच्या चाळीशी १८९३ हे साल जोडलंय ते तिथल्या सार्वजनिक गणपतीमुळे, मुंबईतला पहिला म्हणून. चाळीचा पाया कधी खणला याच्याशी त्या सालाचा संबंध नाही. पण विचारा कोणालाही, चाळ कधीची, तर उत्तर १८९३ येतं.

आजी

तिसऱ्या माळ्यावरच्या आजी ब्याण्णव वर्षांच्या. पोरं आधीच मोबाइलवर रेकॉर्डिंग करून आली होती. "आजी, तुमच्या सासूबाई प्लेगच्या वेळी इथेच होत्या ना?" "हो रे, साथीत इथेच होत्या." झालं. स्मरणिकेच्या पहिल्या मसुद्यात 'चाळीने १८९६ चा प्लेग पाहिला' असं वाक्यसुद्धा पडलं.

हिशेब बसत नव्हता. आजी लग्न होऊन आल्या १९५२ मध्ये. सासूबाई तेव्हा पन्नाशीच्या आतल्या. मग १८९६ मध्ये, मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा, त्या जन्मल्यासुद्धा नव्हत्या. आजी खोटं बोलणाऱ्या नाहीत. खोट प्रश्नात होती. उत्तर आपणच तोंडात द्यायचं आणि मग ते नोंदवून घ्यायचं, अशातली गत.

मी परत गेले, पोहे खाल्ले, आणि साल विचारलंच नाही. नळ कुठे होता विचारलं. धुणं कुठे व्हायचं, बाळंतिणीची खोली कुठली, मढं खाली उतरवताना जिना कुठला. आजी तासभर बोलल्या. त्यात दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे सासूबाईंच्या तोंडची साथ प्लेगची नव्हतीच. "मानमोडी म्हणायच्या त्या. नवी नवरी होते, चाळीतली सात माणसं गेली, असं सांगायच्या." मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा, हा शब्द आता आजींच्या पिढीबरोबर चाललाय. सासूबाई तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या, लग्नाचं वय त्या काळी तेच. सगळं जागेवर बसलं : १९१८ मध्ये चाळ भरलेली होती. देवळाच्या पाटीच्या सात वर्षं आधी.

दुसरी गोष्ट मी तेव्हा कानाआड केली. आजी देवळाला सारखं 'विहिरीवरचा दत्त' म्हणत होत्या. मला वाटलं, लाडाचं नाव असेल.

लोखंड आणि कौलं

आता पोरांना इमारतच तपासायचा नाद लागला. एक दिवस व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मंगलोरी कौलाचा फोटो आला, खाली सहा उद्गारचिन्हं. कौलावर उठवलेलं होतं : बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. दीडशे वर्षांची चाळ! अर्ध्या तासात ग्रुपवर अभिनंदनं सुरू. मला पाणी ओतावं लागलं. १८६५ हे बासेल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना काढला ते साल. कारखान्याने ते पाटीसारखं कौलांवर मिरवलं. 'स्थापना १८६५' असं मिठाईवाल्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर असतं, म्हणून आतली बर्फी १८६५ ची नसते.

ही बर्फी मी त्यांना ऐकवली खरी, पण पुढच्याच आठवड्यात मी तीच चूक केली. मागच्या चाळीच्या गॅलरीखाली गर्डरवर रंग खरवडला गेला होता, आणि अक्षरं दिसत होती : डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड. जमशेदपूरला टाटांचं पोलाद १९१२ पासून निघायला लागलं. मी ग्रुपवर ऐटीत लिहिलं, विलायती लोखंड म्हणजे मागची चाळ टाटांच्या पोलादाआधीची. दोन दिवसांनी तळमजल्यावरच्या दादांनी, जे आयुष्यभर फॅब्रिकेशनच्या धंद्यात होते, शांतपणे वर बोट दाखवलं. तिसऱ्या माळ्याच्या गर्डरवरही तोच शिक्का. आणि तिसरा माळा नंतरचा, हे त्यांच्या वडिलांनीच त्यांना सांगितलेलं. "ताई, विलायती माल नंतरही येतच होता. शिक्क्यावरून गिरणी कळते, तारीख नाही." मी माझी पोस्ट काढून टाकली. कोणीतरी स्क्रीनशॉट घेतला होता, ते सोडा.

ट्रंक

खरं काम झालं ते पत्र्याच्या एका ट्रंकेमुळे. मागच्या चाळीत पहिल्या माळ्यावरच्या कुटुंबाने भाडेपावत्या, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले सगळं राखून ठेवलेलं. पागडीच्या, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या, खोलीत राहणारा मुंबईकर भाडेपावती फेकत नाही. त्याचं घर म्हणजे तीच. त्यामुळे गिरगावचा इतिहास पुराभिलेखागारात जितका आहे, त्याहून जास्त माळ्यावरच्या ट्रंकांत असेल असं मला वाटतं, आणि पुनर्विकासात सामान हलवताना पहिला भंगारात जातो तो हाच माल.

सगळ्यात जुनी पावती १९१४ ची, भाडं रुपये सहा, आणे आठ. त्यावर 'नवी चाळ'. नवी! म्हणजे जुनी होतीच. एवढ्या एका शब्दाने पुढची चाळ १९१४ च्या मागे ढकलली.

बऱ्याच पत्रिकांवर तिथी होती, साल नव्हतं. मग इतर खुणा धरल्या. पावतीवर आणे-पै असले तर एप्रिल १९५७ च्या आधीची, 'नवे पैसे' असले तर नंतरची. पत्त्यात नुसतं 'मुंबई ४' असलं तर बहुतेक १९७२ च्या आधीचं, '४०० ००४' असलं तर पिनकोड आल्यानंतरचं. 'गिरगाव बॅक रोड' हे आजच्या विठ्ठलभाई पटेल रोडचं जुनं नाव, 'क्वीन्स रोड' म्हणजे आजचा महर्षी कर्वे रोड. यातली शेवटची खूण जपून वापरायची. सरकारने रस्त्याचं नाव बदललं म्हणून छापखान्यातला माणूस लगेच बदलत नाही. आमच्याकडे अजून रिक्षावाल्याला, म्हणजे टॅक्सीवाल्याला, लॅमिंग्टन रोडच सांगतात.

तिसऱ्या माळ्याचा छडाही पत्रिकांनीच लावला. १९३४ च्या लग्नपत्रिकेत याच कुटुंबाचा पत्ता 'पहिला माळा, खोली नं. ३४'. १९३९ च्या मुंजीच्या पत्रिकेत 'पहिला माळा, खोली नं. ४२'. घरचे शपथेवर सांगतात की बिऱ्हाड कधी हललं नाही. बिऱ्हाड हललं नव्हतंच, नंबर हलला होता. खोल्यांचे नंबर पुढच्या चाळीपासून मागे मोजत येतात. पुढच्या चाळीवर आठ खोल्यांचा माळा चढला की मागच्यांचा नंबर आठने वाढतो. ३४ आणि ८, ४२. दादांचे वडील बरोबर होते. पाच वर्षांच्या आत कधीतरी दोन्ही चाळींवर तिसरा माळा चढला.

जमिनीचे कागद

हे थोडक्यात सांगते, कारण यात खेपा जास्त आणि गोष्ट कमी. फोर्टमध्ये ओल्ड कस्टम हाऊसमधून मालमत्ता पत्रक काढलं. त्यावर सी. एस. नंबर (कॅडस्ट्रल सर्व्हेचा, म्हणजे सरकारी जमीनमोजणीचा), गिरगाव डिव्हिजन, आणि त्याच्या आधीचा लॉटन सर्व्हेचा नंबर. हे लॉटन म्हणजे १८६५ ते १८७२ या काळात मुंबई बेटाची मोजणी करणारे अधिकारी. जुना नंबर मिळाला की त्यांच्या नकाशावर आपली जागा सापडते. कागद काढायला जाणाऱ्याने तो मागून घ्यावा, नुसता सी. एस. नंबर घेऊन परत आलात तर दुसरी खेप ठरलेली.

पत्रकात जमिनीचा प्रकार लिहिला होता 'पेन्शन अँड टॅक्स'. सेक्रेटरींना वाटलं, कोणाची तरी पेन्शन अडकली आहे. या शब्दाचं मूळ १६७४ च्या करारात आहे. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर आणि बेटावरचे जमीनमालक यांनी ठरवलं की मालकांनी ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला २०,००० झेराफिन (तेव्हाची पोर्तुगीज नाणी) द्यावेत आणि जमिनी निर्धास्त बाळगाव्यात. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा तो शब्द आमच्या पुनर्विकासाच्या फाइलमध्ये सुखाने बसला आहे.

मालकांचे नातू पार्ल्याला राहतात. त्यांच्याकडे १८९१ च्या खरेदीखताची नक्कल होती, इंग्रजीत. त्यात जागेला 'ओर्ट' म्हटलंय. हा पोर्तुगीज 'ओर्ता'चा मुंबईतला अवतार, म्हणजे बाग, नारळाची वाडी. कोकणातल्या माणसाला वाडी म्हणजे आधी झाडं आणि मग घरं हे सांगावं लागत नाही. पण फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी अशा नावांमधून रोज जाणाऱ्या गिरगावकराला हे सांगावं लागतं. खतात पुढे : इतकी नारळाची झाडं, एक विहीर, आणि एक कौलारू चाळ.

तर १८९१ मध्ये पुढची चाळ उभी होती. प्लेगच्या पाच वर्षं आधी. आजींचं मूळ म्हणणं, चुकीच्या वाटेने का होईना, बरोबर निघालं.

त्याच्या मागे किती जायचं? लॉटनच्या नकाशाची प्रत एका जुन्या आर्किटेक्टकडे पाहिली. आमच्या जागेत रस्त्याकडे एक लांबट घर, मागे सगळं मोकळं, मधे एक छोटं वर्तुळ. पोरांच्या मते ते लांबट घर म्हणजेच पुढची चाळ. मला पटत नाही. नकाशावरची त्याची लांबी आजच्या चाळीच्या निम्मीसुद्धा भरत नाही. घर वाढवून चाळ झाली, की पाडून नवी बांधली, हे त्या नकाशावरून सांगता येत नाही. म्हणून पुढच्या चाळीसमोर मी '१८९१ पूर्वी' एवढंच लिहिलं. पोरांना 'पूर्वी' हा शब्द बॅनरवर नको होता.

नावांच्या बाबतीतही असंच होतं. चर्नी रोडचं घ्या. एक गोष्ट अशी की ठाण्याच्या चेंदणीहून येऊन वसलेल्या लोकांवरून नाव पडलं. दुसरी अशी की सरकारने गुरांच्या चराईवर कर बसवला, तेव्हा जमशेटजी जिजीभाईंनी गुरांसाठी जागा घेऊन दिली, तिथे गुरं चरत म्हणून चर्नी. चाळीत मत घेतलं तर दुसरी गोष्ट दणक्यात निवडून येईल, कारण तिच्यात गाय आहे, सरकार आहे आणि दाता आहे. पहिलीत नुसते बिऱ्हाड हलवणारे लोक आहेत. आम्ही सगळे त्यांच्यातलेच, तरी.

विहीर

नकाशावरचं वर्तुळ मला रात्री झोपू देईना. खतात विहीर, नकाशात वर्तुळ, आणि आजींचा 'विहिरीवरचा दत्त'. मी नकाशाची प्रत आजच्या आराखड्यावर ठेवून पाहिली. वर्तुळ देवळाच्या गाभाऱ्यात पडत होतं.

ऑक्टोबरात गिरगावचं मेट्रो स्टेशन सुरू झालं. डोंबिवलीहून सीएसएमटीला उतरलं की दोन स्टेशनं. त्यामुळे आजींकडे माझ्या फेऱ्या वाढल्या. विहिरीचं नीट विचारल्यावर त्या म्हणाल्या, "सासूबाई आल्या तेव्हा उघडी होती. थोरले दीर रांगायला लागले तेव्हा बुजवली. म्युनसिपाल्टीची माणसं मागे लागली होती म्हणे, डासांसाठी."

हे जुळतं. १९११ साली डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या हिवतापावरचा अहवाल आला, आणि डासांची पैदास घराघरांतल्या विहिरींत होते हे त्यात पुढे आलं. त्यानंतर पालिकेने विहिरी झाकण्याचा नाहीतर बुजवण्याचा लकडा लावला. पारशी आणि हिंदू दोघांनी धर्मासाठी विहीर लागते म्हणून विरोध केला; भिखा बेहरामची विहीर चर्चगेटजवळ आजही आहे. नळाचं पाणी विहार तलावातून १८६० पासून येत होतं, तेव्हा पिण्याची अडचण नव्हती. पण देव्हाऱ्याला आणि श्राद्धपक्षाला विहिरीचंच पाणी लागे. विहीर गेल्याची रुखरुख देव बसवून भागवली असावी. हा माझा तर्क, कागद नाही.

नोव्हेंबरात बिल्डरकडची माणसं माती तपासायला आली. चौकात तीन ठिकाणी बोअर घेतले. दोन ठिकाणी अपेक्षेप्रमाणे माती, मुरूम, खडक. देवळाला खेटून घेतलेल्या तिसऱ्यात बावीस फुटांपर्यंत नुसता भराव : विटांचे तुकडे, फुटकी कौलं, कोळसा. इंजिनिअर वैतागला. "मॅडम, इथे खाली काय होतं?" सेक्रेटरी माझ्याकडे पाहत होते. गॅलरीतून आजी म्हणाल्या, "सहा महिने सांगतेय."

स्मरणिका दत्तजयंतीला निघाली. मुखपृष्ठावर 'श्रीदत्तमंदिर शताब्दी, शके १८४७ ते १९४७'. चाळीसाठी आत एक पान : पुढची चाळ १८९१ पूर्वी, मागची १९१४ पूर्वी, तिसरा माळा १९३४ ते १९३९ च्या दरम्यान. सेक्रेटरींनी ते पान प्रूफ वाचताना दोनदा गाळलं आणि मी दोनदा परत घातलं. पोरांचा बॅनर वेगळा लागला. त्यावर 'आमची चाळ १०० वर्षांची' असंच होतं. पैसे त्यांनी जमवले होते, मी काही बोलले नाही.

नवीन इमारतीचा आराखडा आता जिन्याखाली चिकटवला आहे. त्यात दत्ताचं देऊळ पार्किंगच्या वर, पोडियमवर दाखवलंय, पाटीसकट. चौकात जिथे वर्तुळ होतं तिथे लिफ्टचा खड्डा येतो आहे, आणि भरावामुळे तिथे पाइलिंग खोल न्यावं लागणार म्हणून बिल्डरने खर्चाचं नवं पत्र पाठवलं आहे.